जास्त हवा, अपुरे पेट्रोल : सुपरचार्जर बसवलेल्या गाडीतील इंधनपुरवठ्याचे निदान

सुपरचार्जर इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल पोचवणे हे त्याचे काम नव्हे. ते टाकीतला पंप, फिल्टर, नळ्या, प्रेशर रेग्युलेटर, इंजेक्टर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा ईसीयू यांनी करायचे असते. कंपनीतून सुपरचार्जरसकट आलेल्या गाडीत ही सगळी साखळी एकाच हिशेबाने आखलेली असते. बाहेरून बसवलेल्या गाडीत बहुधा हवेची बाजू नवी आणि इंधनाची बाजू जुनी राहते. पैसा दिसणाऱ्या भागांवर खर्च होतो. टाकीच्या आत दडलेला, लाखभर किलोमीटर चाललेला पंप तसाच ठेवला जातो. त्यामुळे अशी गाडी बिघडली की नव्या भागांवर संशय घेण्याआधी कोणते भाग बदललेच नाहीत याची यादी करावी. निम्म्याहून अधिक वेळा चोर त्याच यादीत सापडतो.

खान्देशात सुपरचार्जरची गाडी विरळाच. भारतात कंपनीकडूनच सुपरचार्जर घेऊन आलेल्या गाड्यांत मर्सिडीजच्या ‘कॉम्प्रेसर’ बिल्ल्याच्या सी-क्लास गाड्या माहितीतल्या आहेत, आणि त्या आता जुन्या बाजारात फिरतात. या गाड्यांवर होणारा नेहमीचा बदल म्हणजे सुपरचार्जरची पुली लहान करणे. पुली लहान झाली की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो आणि हवेचा दाब वाढतो. पेट्रोलची बाजू मात्र आहे तिथेच राहते. टर्बोच्या गाड्या, म्हणजे चाकणला बनलेली पोलो टीएसआयसारखी पेट्रोल गाडी किंवा माल वाहणारी डिझेल पिकअप, दोंडाईच्याच्या रस्त्यावर रोज दिसतात. टर्बोला एक्झॉस्टचा वायू फिरवतो आणि सुपरचार्जरला इंजिनचा पट्टा. इंधनाचा प्रश्न दोन्हीकडे जवळपास एकच आहे.

या भागात निदान अवघड होते ते दोन कारणांनी. दोंडाईच्याहून शिंदखेडा, नंदुरबार किंवा धुळ्याकडे जाणारे रस्ते बरेचसे सपाट आहेत. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच लागतो आणि तेवढे पेट्रोल थकलेला पंपही देतो. तीच गाडी माणसे भरून सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटाला लागली की झटके मारू लागते. दुसरे कारण उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरात निर्धोक चाललेली गाडी मे महिन्यात दुपारी दम सोडते.

गाडीला किती पेट्रोल लागते, हा हिशेब आधी कागदावर मांडावा. सुपरचार्जर असलेले पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल घेते. साध्या इंजिनाला २२०-२३० ग्रॅम पुरतात. १२० अश्वशक्तीच्या साध्या इंजिनाला यानुसार तासाला साधारण ३६ लिटर लागतील. त्याच इंजिनाची ताकद सुपरचार्जर लावून २०० वर नेली तर ही गरज ७३ लिटरच्या आसपास जाते. ताकद पावणेदोन पट होण्याच्या आतच राहिली, पेट्रोल मात्र दुप्पट झाले. जास्तीचे पेट्रोल ज्वलनाची उष्णता आवरण्यासाठी मुद्दाम टाकावे लागते, म्हणून हा फरक पडतो. चार सिलिंडरांत वाटणी केली तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला सुमारे ३०५ मिलिलिटर येतात. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ८५ टक्के वेळ ही त्याची व्यवहारातली मर्यादा. म्हणजे इंजेक्टर किमान ३६० मिलिलिटरचा हवा.

त्यातही आता पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ भाग आणि ई-२० ला साधारण साडेतेरा भाग. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन ओतावे लागते. वर काढलेले ७३ लिटर ७९ च्या घरात जातात आणि ३६० चा इंजेक्टर ३९० चा लागतो. काही वर्षांपूर्वी जुन्या पेट्रोलवर, अगदी काठावर ट्यून केलेल्या गाडीला हे ८ टक्के महागात पडतात. गाडीत काहीच बदल केलेला नाही, तरी ती आता उणे पडते, अशी तक्रार आली की हा हिशेब आठवावा. नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी भडकणे, रोखण्याच्या दृष्टीने इथेनॉल उलट मदतच करते. पण पुरवठा अपुरा असेल तर त्या गुणाचा उपयोग होत नाही.

दाबाचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तिथेच अनेकांची फसगत होते. इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडेल ते रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतल्या, दाबावर नव्हे, तर रेलमधला दाब आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब यांच्या फरकावर ठरते. रेलमध्ये ३ बार आणि मॅनिफोल्डमध्ये ०.७ बार बूस्ट, म्हणजे वातावरणाहून जास्तीचा दाब, असेल तर फरक उरला २.३ बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून पेट्रोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास कमी पडते, आणि तेही नेमके जास्तीची गरज असलेल्या क्षणी. यावर उपाय म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डशी जोडणारी बारीक रबरी नळी असते: बूस्ट ०.७ ने वाढला की रेलचा दाबही ०.७ ने वाढून ३.७ होतो आणि फरक ३ बारच राहतो. ही नळी सुटली, तडकली किंवा सुपरचार्जर बसवताना थ्रॉटलच्या चुकीच्या बाजूला जोडली गेली, तर बाकी सगळे भाग उत्तम असूनही गाडी उणे चालते. अलीकडच्या अनेक गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि परतीची नळी नसते. अशा गाडीत बूस्टच्या प्रमाणात दाब वाढवणारे काहीच नसते, ती तूट ईसीयूने इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढायची असते. सुपरचार्जर बसवणाऱ्याने हा प्रश्न सोडवला होता की नाही, हे पहिल्यांदा पाहावे.

लक्षणे ओळखीची असतात. पूर्ण रेस दिली की गाडी झटके मारते, चौथ्या गिअरमध्ये ठराविक आरपीएमला पिकअप मरतो, पाय थोडा काढला की पुन्हा ओढते. ही वेळ सुपरचार्जरच्या जातीप्रमाणे बदलते. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू जातीचा सुपरचार्जर कमी आरपीएमलाच पूर्ण दाब देतो. त्यामुळे तूट चढावर, खालच्या आरपीएमलाही जाणवू शकते. सेंट्रिफ्युगल जातीत दाब आरपीएमसोबत झपाट्याने चढतो आणि तूट अगदी वरच्या टोकाला दिसते. सर्वांत वाईट लक्षण म्हणजे नॉकचा खणखणाट. डिझेल इंजिनाला इंधन कमी पडले तर ते नुसते निर्बल होते. बूस्टवरच्या पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडले की ज्वलन तापते, नॉक सुरू होते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला काही सेकंद पुरतात. त्यामुळे ‘पुन्हा एकदा रेटून बघू’ ही चाचणीची पद्धत इथे चालत नाही.

हीच लक्षणे इंधनाशी संबंध नसलेल्या दोषांतूनही येतात. दाबाखालच्या हवेत ठिणगी पडणे अवघड असते. प्लगची फट मूळच्या १ मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर बूस्टवर ठिणगी विझते आणि गाडी मिसिंग करते. ०.६-०.७ मिलिमीटरपर्यंत फट कमी केल्यावर दोष गेला तर पेट्रोलची बाजू उघडण्याची गरजच नाही. यात एक खोच आहे. मिसफायर झालेल्या सिलिंडरातली न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सर ती मोजतो आणि मिश्रण उणे असल्याचे सांगतो. पेट्रोल पुरेसे असताना उणे दाखवणारा हा आकडा अनेकांना नवा पंप घ्यायला लावतो. उन्हाळ्यातल्या नॉकचेही तसेच. ४५ अंशांची हवा ०.५ बारपर्यंत दाबली तर आदर्श स्थितीतही ती ८४ अंशांना पोचते. रूट्सची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ११० अंशांना. इंटरकूलर नसेल किंवा धुळीने भरला असेल, तर पेट्रोल नेमके मापात असूनही नॉक येईल. पट्टा घसरत असेल तर प्रकार उलटा होतो: हवा कमी, पेट्रोल तेवढेच, काळा धूर आणि मरगळ.

प्रत्यक्ष तपासणी स्कॅनरपासून सुरू करणे सोपे. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल किती टक्क्यांनी वाढवतो-घटवतो, तो आकडा म्हणजे फ्यूल ट्रिम. आयडलला ट्रिम बराच अधिक आणि वेगात शून्याजवळ असेल तर कुठून तरी मोजणीबाहेरची हवा आत शिरते आहे. आयडलला ठीक आणि भार वाढला की अधिक होत जात असेल तर पुरवठा कमी पडतो आहे. पी-०१७१ हा कोड या दोन्ही स्थितींत येतो, म्हणून नुसता कोड वाचून भाग बदलणाऱ्याचा अंदाज निम्म्या वेळा चुकतो. पूर्ण रेसवर बहुतेक ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे लक्ष देत नाहीत. तिथे वाइडबँड सेन्सरच हवा. त्यावर लॅम्डाचा आकडा पाहावा. १ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी मापात. बूस्टवर तो ०.७८ ते ०.८५ दरम्यान राहायला हवा. हवा-पेट्रोल गुणोत्तर दाखवणारे मीटर पेट्रोलचा १४.७ गृहीत धरून आकडा काढतात आणि ई-२० वर त्याने गोंधळ होतो. लॅम्डाला इंधन कोणते याच्याशी देणेघेणे नाही.

यानंतर खरा साक्षीदार म्हणजे इंधनाच्या दाबाचा मीटर. रेलवर टी जोडून मीटर बसवावा आणि भार असताना वाचावा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन वाचलेला दाब जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण तिथे पेट्रोलचा खप नगण्य असतो. मीटर गाडीच्या आत आणू नये. पेट्रोलची नळी माणसांच्या शेजारी नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायरने जोडलेला प्रेशर सेन्सर वापरून आकडे नोंदवावेत. बूस्टसोबत दाब तेवढाच चढत गेला तर पंप निर्दोष आहे; इंजेक्टर किंवा ईसीयूकडे वळावे. दाब आधी चढला आणि मग ढासळला तर पंपाची क्षमता संपली. सुरुवातीपासून जागचा हललाच नाही तर रेग्युलेटरची नळी पाहावी. काटा थरथरत असेल तर पंप पेट्रोलसोबत वाफ किंवा हवा ओढतो आहे.

परतीची नळी असलेल्या गाडीत घाट न चढताही बूस्टची चाचणी घेता येते. इंजिन बंद ठेवून पंप थेट चालू करायचा, रेग्युलेटरची रबरी नळी मॅनिफोल्डवरून काढून तिला मीटर असलेला हातपंप लावायचा आणि ०.७ बार हवा भरायची. रेलचा दाब तेवढाच वर गेला तर रेग्युलेटर ठीक. त्याच स्थितीत परतीच्या नळीतले पेट्रोल अर्धा मिनिट मापाच्या डब्यात घ्यायचे. २०० अश्वशक्तीच्या उदाहरणात तासाला ७९ लिटर म्हणजे अर्ध्या मिनिटाला ६६० मिलिलिटर; डब्यात किमान ८०० तरी पडायला हवेत, कारण गरम पंप थंड पंपाइतके देत नाही. रेग्युलेटरच्या नळीतच पेट्रोल सापडले तर आतला पडदा फाटला आहे. हे काम उघड्यावर, अग्निशामक जवळ ठेवून, रेलचा दाब आधी उतरवूनच करावे. पाहण्यासाठी होल्डरचा बल्ब लटकवण्याची सवय इथे जिवावर बेतते.

पंप कमी देतो आहे असे ठरले, तरी लगेच पंप बदलू नये. आधी त्याला मिळणारी वीज मोजावी. डब्यावर छापलेली पंपाची क्षमता, उदाहरणार्थ तासाला २५५ लिटर, ही साधारण १३.५ व्होल्ट आणि ३ बारला मोजलेली असते. व्होल्टेज घटले की प्रवाह घटतो आणि दाब वाढला तरी घटतो. बूस्टवर दाब वाढतो, विजेची ओढही वाढते आणि बारीक जुन्या वायरीत व्होल्टेज गळते. इंजिन चालू असताना मल्टीमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरा पंपाच्या धन टोकाला लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष वायर, रिले किंवा कनेक्टरचा. तीच मोजणी ऋण बाजूलाही करावी. मागच्या सीटखालच्या पत्र्यावर गंजलेला अर्थिंगचा नट हा या बाबतीतला नेहमीचा गुन्हेगार आहे. बॅटरीपासून थेट फ्यूज घालून आणलेली जाड वायर आणि वेगळा रिले एवढ्याने ‘मेलेला’ पंप पुष्कळदा जिवंत होतो.

टाकीच्या आतही पाहण्यासारखे असते. पंपाच्या तोंडावरची जाळी गाळाने भरली की पंपाला पेट्रोल ओढावे लागते, दाब कमी झालेल्या गरम पेट्रोलची वाफ होते आणि पंप कण्हू लागतो. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलने थंड राहतो. चौथाई टाकीवर, परतीच्या नळीने इंजिनची उष्णता आत येत असताना, मे महिन्यात तो दुपारी दगा देतो. टाकी भरल्यावर दोष गेला आणि काटा खाली आल्यावर परतला, तर निदान झालेच. पावसाळ्यात वेगळा धोका असतो. इथेनॉल पाणी धरते. ई-२० मध्ये मर्यादेहून जास्त पाणी शिरले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि पंप नेमके तेच उचलतो. पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवले की थर दिसतो. घनता मोजायची असेल तर तपमानाची दुरुस्ती विसरू नये: १५ अंशांना ७४५ असलेले पेट्रोल ४० अंशांना हायड्रोमीटरवर ७२४ च्या आसपास दाखवते आणि त्यात भेसळ नसते.

इंजेक्टरचे निदान त्यामानाने सरळ आहे. ६००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. स्कॅनरवर इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ १७ मिलिसेकंदांपुढे जात असेल तर इंजेक्टर लहान पडतो. तसे नसून एखादाच सिलिंडर उणे असेल, तर चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून प्रवाह आणि फवारा तुलनेने पाहावा. चौघांची सरासरी चांगली आणि एक अडलेला, हा प्रकार वाइडबँड लपवतो. तिथे प्लगचा रंग जास्त खरे बोलतो.

मोजणाऱ्या सेन्सरचे प्रकरण किचकट आहे आणि स्वस्तातल्या कामात तेच बिघडलेले असते. मूळच्या साध्या इंजिनाचा, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. बूस्ट सुरू झाला की त्याचा आकडा टोकाला जाऊन थांबतो आणि ईसीयूला पुढची हवा दिसतच नाही. हवा वजनाने मोजणारा सेन्सर असेल तर तो तेलकट फिल्टरमुळे मळून कमी मोजतो किंवा त्याचीही कमाल मर्यादा गाठली जाते. यावर जुना जुगाड म्हणजे बूस्टच्या दहा-बारा पट दाब वाढवणारा रेग्युलेटर. इंजेक्टर तेच ठेवून दाबाच्या जोरावर जास्त पेट्रोल ढकलायचे, ही त्यामागची कल्पना. ०.५ बार बूस्टला रेलचा दाब मग ८-९ बारला जातो, पंपाचा प्रवाह तिथे कोसळतो आणि त्याची आतली सुरक्षा झडप उघडू लागते. अशा गाडीत मोठा पंप बसवण्यापेक्षा तो रेग्युलेटर काढून योग्य इंजेक्टर, मोठ्या मापाचा मॅप सेन्सर आणि नीट ट्यून केलेला ईसीयू लावणे शहाणपणाचे.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतल्या पंपापुढे कॅमवर चालणारा दुसरा पंप असतो आणि तो शंभर बारच्या पुढचा दाब देतो. स्कॅनर रेलचा हुकूम दिलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी दाखवतो. दोघांत अंतर पडले की आधी खालचा, टाकीकडचा दाब तपासावा. डिझेलच्या कॉमन रेल पिकअपलाही हाच क्रम लागू आहे, फक्त दाब दीड हजार बारच्या पुढे असतो. तिथे चिप बसवून रेलचा दाब फसवलेला असेल, तर पी-००८७ हा कमी दाबाचा कोड येतो आणि गाडी ताकद कापून सरपटते. प्रत्येक इंजेक्टरची गळती वेगवेगळ्या बाटलीत गोळा केली की कोणता झिजला ते समोर येते. डिझेलवाल्यांना हे जुने काम आहे. नाशिकच्या सातपूरला बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा कारखाना असल्याने पंप-नोझलची कारागिरी उत्तर महाराष्ट्राला परकी नाही. चालू इंजिनात गळतीवर बोट मात्र कधी ठेवू नये. तो फवारा कातडीत शिरतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

कायद्याची बाजूही दुरुस्तीच्या आधी पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतल्या आणि उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचे असे बदल टिकवण्यापेक्षा मूळ पुली आणि मूळ दाबावर परतणे हा कधी कधी इंधनाच्या तक्रारीवरचाही सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी पहिल्या चाचणीच्याच परिस्थितीत घ्यावी: तोच चढ, तोच गिअर, तेवढीच माणसे, चौथाईच्या आसपास टाकी. लॅम्डा, इंधनाचा दाब, पंपाजवळचे व्होल्टेज आणि आत जाणाऱ्या हवेचे तपमान या चार नोंदी एकत्र घ्याव्यात आणि लॅम्डा ०.८५ च्या वर चढताच पाय काढावा. जाळी, फिल्टर किंवा टाकी साफ केली असेल तर सुटलेला गाळ पुढे सरकतो, म्हणून काही दिवसांनी नवा फिल्टर पुन्हा तपासावा. हिवाळ्यात दुरुस्त झालेल्या गाडीच्या या नोंदी मे महिन्यात दुपारी एकदा पुन्हा घ्याव्या लागतात.